संपतला विहिरीत मी उतरवलं

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट कळत नाही.

सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात मी नगरपालिकेचा इंजिनिअर होतो. गावाचं सांडपाणी ओढ्यालगतच्या खोल विहिरीत जमायचं, तिथून पंप ते वर चढवायचे. पंप जुने. दर पावसाळ्यात बंद पडायचे आणि मैला रस्त्यावर यायचा. शेवटी नवं पंपिंग स्टेशन बांधून झालं. नवी लाइन जोडण्याआधी जुन्या विहिरीतला व्हॉल्व्ह बंद करायचा होता — खाली उतरून. आणि उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. मांडवसुद्धा घालून झाला होता.

संपत तिथला ऑपरेटर. अठरा वर्षं त्यानं त्या पंपांपाशी काढलेली. नुसत्या आवाजावरून सांगायचा, कुठलं बेअरिंग जाणार ते. त्या दुपारी झाकण उघडून तो बराच वेळ वाकून उभा राहिला. मग माझ्याकडे आला.

"सायेब, आज वासच येईना. काल लय मारत हुता. हे लक्षण बरं न्हाई. पंखा लावून हवा काढू, उद्या सकाळी उतरतो."

मला माहीत होतं — हे कसं लपवू? पुण्याच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं, विषारी वायू फार साठला की नाकच मरतं. वास गेला म्हणजे धोका वाढला. आणि मी काय म्हणालो?

"वास नाही तर बरंच आहे की. दहा मिनिटांचं काम, संपत. घाबरतोस काय?"

घाबरतोस — हा शब्द मी मुद्दाम वापरला.

त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, शिडी धरली. सात-आठ पायऱ्या उतरला असेल — हात सुटले. ओरडलासुद्धा नाही. खाली पाण्याचा आवाज झाला, एवढंच. मी काठावरून हाका मारत राहिलो. उतरलो नाही. प्रशिक्षणात शिकवलेलं माझ्यापुरतं मला बरोबर आठवलं.

तिथं आम्ही दोघंच होतो. जबाबात मी सांगितलं, "मी उतरू नको म्हणालो होतो. त्यानं ऐकलं नाही." सगळ्यांनी मानलं. का नाही मानणार?

दवाखान्याच्या दारात त्याच्या बायकोनं, हिराबाईनं विचारलं, "तुमी सांगूनबी ऐकलं न्हाई व्हय त्यांनी?"

"नाही ऐकलं, वहिनी."

तेव्हापासून ती मेलेल्या नवऱ्यावर चिडलेली आहे. हट्टी होता म्हणते. पोरांनाही तेच सांगते.

गेल्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न झालं. मला आग्रहाचं बोलावणं होतं — गेलो. तिनं मला व्याह्यांपुढं नेलं. "आवं, हेच ते सायेब. ह्यांचं ऐकलं असतं, तर आज हितं हुबं असते." व्याह्यांनी मला हात जोडले. मीही जोडले. मग तिनं मला पहिल्या पंगतीला बसवलं, स्वतः वाढलं.

मी पोटभर जेवलो.