बापाने उचललेली बंडी

आमच्या तांड्यापासून बोरी अरबचा एसटी थांबा तीन किलोमीटर. पुण्यात सांगताना मी तेरा सांगतो, मध्ये एक वाघ टाकतो, आणि ऐकणाऱ्याचा चहा थंड झाला की दुसराही टाकतो. पण मी गाव सोडलं त्या सकाळी वाघ नव्हता. बाप होता. त्याच्या डोक्यावर माझी लोखंडी पेटी होती, आणि तेवढ्या वाटेत तो चार वेळा पेटी खाली ठेवून बाभळीआड गेला.

मी एकोणीस वर्षांचा, कारखान्यात लागायला निघालेला. चौथ्यांदा मी ओरडलोच, "बा, गाडी जाईन नं."

बाभळीआडून उत्तर आलं, "एक गेली तं दुसरी येते. पाणी लय पेलो सकाळी, बाकी काही नाही."

गाडी मिळाली. खिडकीतून मी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही, इतका चिडलो होतो.

सात वर्षांनी तो गेला. शेवटचं वर्ष कंबर धरून खाटेवर होता. यवतमाळच्या डॉक्टरांचा कागद मी वाचला होता: प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत उतरलेला. प्रोस्टेट ही लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी, फक्त पुरुषालाच असते. सुनाबाळींसमोर त्या जागेचं नाव घ्यायचं कसं? आमच्या याडीने, म्हणजे आईने, कागद घडी करून माझ्या खिशात कोंबला. "लोकायले काही चांगलं सांग."

चांगलं सांगण्यात माझा हात कोण धरणार? दुखवट्याला बसलेल्या तांड्याला मी सांगितलं की नाल्यात कापसाची भरली बंडी, म्हणजे बैलगाडी, फसली, बैल गुडघ्यावर आले, तेव्हा बापाने बंडी पाठीवर घेतली आणि काठावर नेऊन ठेवली. तेव्हापासून त्याची कंबर गेली. पहिल्या वर्षी बंडीत दहा क्विंटल कापूस होता. पुढे तो वीस झाला, आणि आता तर त्या कापसावर दोन्ही बैलही बसलेले असतात. माझा धाकटा भाऊ सुदाम ही गोष्ट आपल्या दोन पोरींना माझ्याहून रंगवून सांगतो.

तांड्यात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या पुण्या-सुरतेला पांगलेल्यांनो, तुम्ही सगळ्यांनी ती ऐकली आहे. म्हणून हे लिहितो. बंडी फसलीच नव्हती.

मागच्या वर्षी कंपनीच्या तपासणीत माझ्या रक्तातला पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या चाचणीचा, आकडा चढलेला निघाला. मग एमआरआय, मग बायोप्सी. बापाचाच कॅन्सर. "लवकर सापडलाय," डॉक्टर म्हणाले, जणू हरवलेलं वासरू. मी अठ्ठेचाळीसचा, त्रास काडीचा नव्हता. त्या आठवड्यात मी घरात एकही गोष्ट सांगितली नाही. माझी बायको शांता रिपोर्टला घाबरली नव्हती, त्या शांततेला घाबरली.

वय कमी, म्हणून जनुकं तपासायचं ठरलं. तिथली समुपदेशक मुलगी कागदावर आमचं घराणं मांडत होती. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. बापाच्या चौकोनाशी तिचं पेन थांबलं. "वडील कशाने गेले?"

"त्याचं असं झालं, नाल्यात एकदा बंडी..."

ती लिहायलाही लागली. शांता खाली बघत म्हणाली, "आता तरी नका नं."

मी खरं सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आवाज परक्या माणसासारखा निघाला.

दोष सापडला, बीआरसीए-टू नावाच्या जनुकातला, बहुधा बापाकडून आलेला. सख्ख्या भावातही तो असण्याची शक्यता निम्मी, असं ती म्हणाली. आणि तो पुरुषाकडून मुलींकडेही जातो. त्यांना स्तनाच्या, अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका. मला सुदामच्या दोन पोरी दिसल्या, बंडीची गोष्ट ऐकत बसलेल्या.

फोन केला तर सुदाम हसला. "दादा, कॅन्सर म्हणजे मजाक हाय का? बाची तं कंबर बंडीनं गेलती. तूच सांगतलं. आता मले कायले भेवाडून राह्यला?"

ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी मी तांड्यावर गेलो. सुदामच्या ओट्यावर मी बोलायला बसलो तशी माणसं जमली, बाया दारात आल्या. मी सुरुवातीपासून सांगितलं. बाभळी, कागद, चौकोन, गोल. मधेच आमचे म्हातारे काका म्हणाले, "वाघ कवा येते?" सगळे हसले. सुदाम सगळ्यात जोरात.

आयुष्यभर फेकलं होतं, त्याची फेड अशी समोर आली. मग जे शांतालाही नीट सांगितलं नव्हतं ते बोललो. "ऑपरेशननंतर मले दीड महिना लहान लेकरासारखं डायपर लागलं. लिफ्टमध्ये शेजाऱ्यासमोर प्यांट ओली झाली. मी घरी येऊन बाथरूममध्ये बसून रडलो."

कोणी हसलं नाही. दारातल्या बायांनी मान खाली घातली, पण कोणी निघूनही गेली नाही.

सुदाम माझ्याकडे बघत राहिला. "दादाच्या गोष्टीत दादा कधी रडत नाही," तो हळूच काकांना म्हणाला. "हे खरं हाय."

दुसऱ्या सकाळी माझी बॅग खांद्यावर टाकून तो थांब्यापर्यंत आला. वाटेत बॅग खाली ठेवून एकदा बाभळीआड गेला. समोरच्या रस्त्यावरून माझी गाडी निघून गेली. मी हाक मारली नाही. उभा राहिलो.

तो आला, धुळीकडे पाहिलं. "गेली का?"

"एक गेली तं दुसरी येते."

"उद्या रक्त तपासाले देतो यवतमाळले जाऊन," तो म्हणाला. "पोरीयले काय सांगू?"

"बंडी सोडून सगळं."

पुण्यात माझं पक्कं घर आहे, लिफ्ट आहे, माझ्या वाघांवर विश्वास ठेवणारी माणसं आहेत. पण घर कुठलं असं विचाराल तर मी ही तीन किलोमीटरची वाट सांगेन. तीनच. मोजून.