लांब मानेच्या बाईचा मूड

माझ्या बायकोची मान सरळ आहे आणि तिला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतं, हे मला एकदा भर बैठकीत सोयऱ्यांना सांगावं लागलं.

मी शिरूरला एका शाळेत चित्रकला शिकवतो. गेल्या वर्षी शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका परदेशी चित्राची मी तैलरंगात नक्कल केली आणि केंदूरच्या घरी बैठकीच्या खोलीत टांगली. खुर्चीत बसलेली बाई. मान बगळ्यासारखी, डोकं एका खांद्याकडे कललेलं आणि डोळ्यांत बुबुळंच नाहीत. माझे वडील, आबा, त्या भिंतीकडे पाठ करून चहा पीत, पण बोलले कधी नाहीत.

मग धाकट्या बहिणीला, सुवर्णाला, बघायला कासुर्डीची मंडळी आली. मुलगा पसंत आहे हे सुवर्णानं फोनवर बोलून आधीच ठरवलं होतं (आबांना हे ठाऊक नाही, असं आम्ही सगळे धरून चालत होतो). आता फक्त मुलाच्या मामा-मामींचा होकार हवा होता. आणि त्यांच्या अगदी समोर ती बाई.

"ह्या कोण?" मामींनी विचारलं.

"कुणी नाही. मॉडर्न आर्ट आहे," मी म्हणालो.

"डोळं कशानं गेलं त्यांचं?" मामा.

आबांनी मला नजरेनं गप्प बस म्हणून सांगितलं. पण वर्गात मला इतक्या आस्थेनं कुणी काही विचारत नाही. मी उठून चित्रापाशी गेलो.

"गेले नाहीत. ती आत बघतेय, स्वतःच्या मनात. मान लांब केली की आकार कसा वाहता होतो बघा. कललेल्या डोक्यातून उदासी येते. चित्रकारानं आपल्या बायकोला समोर बसवून काढलंय."

"चित्र तुमीच काढलंय ना?"

"मीच," मी अभिमानानं म्हणालो.

नेमकी तेव्हाच माझी बायको, मंगल, पोह्यांचा ट्रे घेऊन आली. सकाळपासून तिची मान अवघडली होती. डोकं डाव्या खांद्यावर, चेहरा वेदनेनं ओढलेला. मामींनी तिच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. पोहे कुणी उचलेना.

"ही ती नव्हे," मी घाईनं म्हणालो. "हिची मान झोपेत अवघडलीय. एरवी सरळ असते. दिसतंही हिला."

मामी मंगलचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या. स्वयंपाकघरातून आवाज आला, "बाई, येवढी उदास का गं ऱ्हातीस? काय तरास हाय?"

इतक्या मायेनं तिला बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नसावं. रंग कालवायला नेलेलं पोळपाट, पडद्याला पुसलेले ब्रश, चित्रापायी जायचं राहून गेलेलं तिच्या मावसबहिणीचं लग्न, सगळं बाहेर पडलं. आम्ही पुरुषमंडळी पोह्यांवरच्या कोथिंबिरीकडे बघत ऐकत होतो. सुवर्णा दाराआडून माझ्याकडे अशी बघत होती, की बुबुळं नसलेली बाई मला प्रेमळ वाटू लागली.

अखेर मामी डोळे पुसत बाहेर आल्या. "पोरगी पसंत हाय आमाला," त्या म्हणाल्या. "मोकळं बोलणाऱ्या बाया हायेत तुमच्या घरात. पर एक अट हाय."

आबा सावरून बसले. आता मानपान निघणार, असं त्यांना वाटलं.

"लग्नात फोटो लागतील तेवढे काढा," मामी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पर नवरीचं चित्र तुमी काढायचं न्हाई."

"ते मी लिहून देतो," आबा म्हणाले. सुवर्णा हसली, आतून मंगलनंही होकार भरला. माझ्या कलेबद्दल घरात इतकं एकमत त्याआधी कधी झालं नव्हतं.