गाजराविना स्टू

रॉसकॉमन गावचा फिंटन गेराटी स्टूच्या बाबतीत फार हट्टी होता. मटण, बटाटे आणि कांदा, बस. बायको अ‍ॅट्रॅक्टाला गाजर आवडायचं, पण "आमच्या आईच्या स्टूत गाजर नसायचं," म्हणत त्यानं चाळीस वर्षं ते पातेल्यात पडू दिलं नाही. तीही हसून सोडून द्यायची.

तिला मूठमाती देऊन आल्यावर फिंटनच्या थोरल्या बहिणीनं, ब्रीजनं, स्टू वाढला. त्यात गाजरं होती.

"आईची रीत मोडलीस गं."

"कसली रीत, फिंटन? आपल्या चिखलट वावरात गाजर धरायचंच नाही. कुणी दिलं तर आई आधी तेच स्टूत घालायची."

"मग मी हिला कशाला अडवलं?"

फिंटन पाहुण्यांदेखत हुंदके देऊन रडू लागला.