नंदीचोर आणि नशीबचक्र

ती घटना आठवली की आजही मुद्देमाल खोलीत रांगेनं उभे केलेले लाकडी बैल डोळ्यांपुढे येतात. एरवी त्या खोलीत गावठी दारूचे कॅन आणि मटक्याच्या चिठ्ठ्या असायच्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात तान्हा पोळा भरतो. पोरं आपापला सजवलेला लाकडी नंदी घेऊन रांगेत उभी राहतात, मग तो घरोघरी नेतात. बायका नंदीला ओवाळतात आणि पोरांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवतात. चांगला सागवानी नंदी आजोबांकडून नातवाकडे येतो. त्या वर्षी पोळा तोंडावर आला असताना हिंगणा रस्त्यावरच्या एका कॉलनीतले लोक घोळक्यानं ठाण्यात आले. मी तिथला ठाणेदार होतो. कॉलनीतल्या बऱ्याच घरांतले नंदी नाहीसे झाले होते आणि चोर कोण, हेही मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांच्या मते तो कॉलनीचा चौकीदार होता.

हा माणूस दरवर्षी पोळ्याआधी सगळ्यांच्या नंदींना रंग देऊन द्यायचा. कोणाचा नंदी घरात कुठं असतो, हे त्याला ठाऊक होतं. एवढ्यावर कॉलनीच्या सचिवांनी त्याला राहती खोली रिकामी करायला सांगितलं. तो कबूल होईना, तेव्हा 'चोर तो चोर, वर शिरजोर' असंही कोणीतरी म्हणालं.

त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. मला पाहून उठली. "साहेब, माह्या माणसानं नंदीले रंग देल्ला, चोरले नाही. पोरगी धाव्वीत हाय. गुन्हा लागला तं तिले घेऊन आम्ही कुठं जाऊ?"

मी तिला शब्द दिला नाही. तपासाआधी पोलिसानं शब्द देऊ नये. पण चौकीदाराला अटकही केली नाही आणि घरं पाहायला निघालो.

एकाही घराचं कुलूप तुटलेलं नव्हतं. देवघरात चांदीचं निरांजन जागच्या जागी आणि शेजारचा नंदी तेवढा गायब. इतका सोवळा चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. मग माझ्या सोबतची महिला हवालदार हळूच म्हणाली, "साहेब, माह्या पोट्ट्याचा नंदी गेला असता तं त्यानं मोहल्ला डोक्यावर घेतला असता. हे पोट्टे तं रडूनच नाही राहिले."

अगदी खरं होतं. पोरं रडत नव्हती, माझ्या बुटांकडे पाहत होती.

लहान मुलांशी बोलायचं तर गणवेश उतरवावा लागतो आणि पालक जवळ असावे लागतात. संध्याकाळी मी साध्या कपड्यांत एका घरी गेलो. पाचवीतला पोरगा आईला चिकटून बसला होता. चोरीचा विषयच काढला नाही. म्हटलं, "तुझा आवडता गेम दाखव बरं."

पोरगा खुलला. आईच्या मोबाईलवर हिरवंगार शेत उघडलं, त्यात कोंबड्या आणि गाई. मलाही बरं वाटलं. तेवढ्यात मधेच एक नशीबचक्र आलं. हिरे लावायचे, चक्र फिरवायचं, सोनेरी घोडा जिंकायचा. काटा घोड्यापाशी आला आणि एक घर आधीच थांबला. मी चमकलो. जत्रांमधल्या चक्रीवाल्यांवर मी आयुष्यभर धाडी घातल्या होत्या, त्यामुळे हा काटा माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

"पहिले खूप जिंकवते काका, मंग सारे हिरे सरते," पोरगा म्हणाला.

"मग नवीन हिरे कुठून आणतोस?"

त्यानं आईकडे पाहिलं आणि आता मात्र भोकाड पसरलं. "चौकातल्या मोबाईलवाल्या भाऊले नंदी देल्ला!"

आईनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! 'तीन वर्षांवरील मुलांसाठी' लिहून होतं, म्हणून मीच तं घेऊन देल्ला होता तो गेम!"

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन दुकानावर धाड घातली. मागच्या खोलीत सगळे नंदी सापडले. काहींची शिंगं नव्यानं रंगवलेली होती, माल पारशिवनीकडच्या बाजारात जायचा होता. गेमही या पठ्ठ्यानंच बनवून घेतला होता.

चौकशीत तो बिलकुल घाबरला नाही. "साहेब, लेकराइचा गेम हाय. याच्यात जुगार कुठं हाय? रेटिंग पाहा ना, तीन वर्षांवरील."

"ते रेटिंग कशावरून मिळालं?"

"गेम टाकताना प्रश्न विचारते, साहेब. त्याचे उत्तरं द्या लागते."

"जुगारासारखं काही आहे का, या प्रश्नाला काय उत्तर दिलंस?"

"नाही म्हणून लिहिलं."

म्हणजे दूध पाणी घातलेलं आहे की नाही, हे गवळ्यालाच विचारलं होतं. तरी तो हटेना. तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन वाजला आणि स्क्रीनवर एका गोड मुलीचा फोटो आला. मी विचारलं, "पोरगी का?"

"हो साहेब, दुसरीत हाय."

"मग तीही हाच गेम खेळत असेल."

"नाही, नाही! तिले मी हात नाही लावू देत!"

"काहून?"

त्यानं फोन उचलून टेबलावर पालथा घातला. मग खाली मान घालून म्हणाला, "लत लागते, साहेब."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून त्यानंच दाखवलेला लॅपटॉप पंचांसमोर जप्त केला. नव्या खेळाडूला आधी जिंकवायचं, मग हरवायचं, अशी मांडणी त्यात उघड दिसत होती. जुगार आणि फसवणुकीची कलमं लागली, पुढं शिक्षाही झाली.

नंदी मात्र तोवर अडकवून ठेवायचे नव्हते. कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लागतील तेव्हा हजर करू असं लिहून घेऊन, ते मालकांना मिळवून दिले. तान्ह्या पोळ्याला कॉलनीनं मला बोलावलं. सचिवांनी सगळ्यांदेखत चौकीदाराची हात जोडून माफी मागितली आणि पोरांनी आपण होऊन पहिली रांग त्याच्याच खोलीपुढं लावली. त्याची बायको ताट घेऊन बाहेर आली. डोळे पुसत तिनं एकेका नंदीला ओवाळलं. माझी छाती तेव्हा फुगली होती. बक्षिसं पुष्कळ मिळाली, पण असा आनंद एकाही बक्षिसानं दिला नाही.

हल्ली पालक मला विचारतात, गेम चांगला की वाईट हे कसं ओळखायचं? मी सांगतो, रेटिंग वाचाच, पण पोराजवळ बसून एकदा स्वतः खेळून पाहा. त्यातलं वय पुष्कळदा विकणाऱ्याच्याच उत्तरांवरून ठरलेलं असतं. त्या माणसानं लोकांच्या पोरांसाठी बेधडक तीन वर्षं लिहून टाकलं होतं. स्वतःच्या पोरीचा विषय निघाला, तेव्हा मात्र तो खरं बोलला.