गच्चीवरचं यंत्र

उसाच्या चिपाडांचा धूर नाकात गेला, की मला चाकूरची शेजारीण आठवते; सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. तिच्या नवऱ्याला दमा होता. साखर कारखान्याचा धूर तपासायला सरकारी माणसांनी तिच्या गच्चीवर हवा मोजणारं यंत्र बसवलं आणि चिमणीचा धूर एकदम पातळ झाला. वाळत घातलेल्या चादरींवर काजळी पडेना, नवरा अंगणात निजू लागला. काही दिवसांनी माणसं यंत्र न्यायला आली, तेव्हा ती जिन्यात आडवी उभी राहिली. “साहेब, बंद करून ठिवा, पन हितंच ऱ्हाऊ द्या. मशीनीला बघून धूर भेतो.” साहेब हसले. “खाला, रिपोर्ट चांगला आलाय, आता कशाची काळजी?” यंत्र गेलं आणि संध्याकाळी काळा धूर उतरला. तिने नवऱ्याची बाज ओढून आत घेतली. बाळांनो, यंत्र परत बसवा म्हणून मी आजही अर्ज करते आणि उत्तरात त्याच चांगल्या रिपोर्टचा हवाला येतो.