अथेन्स सरांची मनाई

समस्त नाशिककरांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, जिच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या धुराड्या चिमण्या दिसतात त्या आमच्या सोसायटीत एकदा लोकशाही आली होती. ती चहा येईपर्यंत टिकली.

तिला आणणारे अथेन्स सर. इतिहासाचे निवृत्त शिक्षक. खरं नाव फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक. आमचे अध्यक्ष अण्णा दरवर्षी बिनविरोध निवडून येत. ठराव वाचला की ते विचारत, "कुणाचा विरोध?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून एकच हात वर जाई.

"मनाई," सर म्हणत. "रोममध्ये लोकांचा एक प्रतिनिधी एवढं बोलला तरी कामकाज थांबायचं."

"इथे चहा थांबतो, सर," अण्णा म्हणत.

लांबलचक भाषणांना आवर म्हणून सरांनी अथेन्सच्या रिवाजाचं भोकाचं मडकं आणलं. पाणी संपलं की भाषण संपलं. अण्णा बोलत असताना त्यांचा भाचा वरून तांब्या ओतत राहिला.

मग सरांनी जमवलेलं वाचनालय पाडून तिथे पार्किंगची शेड घालायचं अण्णांनी काढलं. सरांनी शेवटचा उपाय बाहेर काढला. फुटक्या कुंडीचे तुकडे वाटले. सोसायटीला जो जड झालाय त्याचं नाव खापरावर लिहायचं. ज्याची खापरं जास्त, त्याने वर्षभर सभेला यायचं नाही. अण्णांनी हसत हसत मान्यता दिली, तिथेच आम्ही घाबरायला हवं होतं.

भामरेकाकू चष्मा विसरल्या होत्या. शेजारी सरच. "जरा लिहून देता, सर?"

"कुणाचं नाव?"

"तुमचंच."

"मी काय केलं, काकू?"

"काही नाही हो. तुम्ही असलात की मीटिंग लांबते. कुकर लावायचा राहतो."

सरांनी वळणदार अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. "अथेन्समध्येही एका भल्या माणसाचं असंच झालं होतं," एवढंच म्हणाले. मोजणी झाली. अण्णांचं नाव एकाच खापरावर होतं, आणि अक्षर तेच वळणदार.

सर नियमाला जागले. सभेकडे फिरकले नाहीत. तेवढ्यात वाचनालय पडलं, शेड झाली. वर्ष सरायच्या आत सरही गेले.

शोकसभा त्याच शेडमध्ये. अण्णांनी शोकप्रस्ताव वाचला आणि सवयीने विचारलं, "कुणाचा विरोध?"

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. तिथे कुणाची तरी स्कूटर उभी होती. शेवटी भामरेकाकूंच्याच तोंडून निघून गेलं, "विरोध करणारेच गेले ना, अण्णा."