कपबश्यांचं गाव

लीड्समध्ये चेक लोक नव्यानेच कामाला येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘युरोपातलं बाजाराचं एक छोटं गाव’ हा लेख मी फुशारकीने अंगावर घेतला होता, आणि असलं गाव एकही पाहिलं नव्हतं. मी हॉस्पिटलात वॉर्ड मॅनेजर. नर्सांच्या ड्युट्या लावणारा. त्यातली एक चेक नर्स नेमकी अशाच गावची निघाली. तिची आई तिच्याकडे आली होती. ‘रविवारी या, आईलाच विचारा,’ ती म्हणाली.

दाराशी चपलांची रांग होती. पुण्यात असतो तर बूट आपोआप निघाले असते. पण इंग्रजांच्या गालिच्यांवर बुटांनिशी चालायला मोठ्या कष्टाने शिकलो होतो. तसाच चिखलासकट स्वयंपाकघरात शिरलो. तिच्या आईने, म्हणजे आजींनी, बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फडकं आणलं. मी पाय हलवला की फडकं हलायचं.

‘बाजार कधी भरतो?’ मी विचारलं. मुलीने भाषांतर केलं.

‘गुरुवारी.’

‘आणि गाव कसं आहे?’

‘स्वच्छ,’ आजी फरशीकडे बघत म्हणाल्या.

संपली मुलाखत.

‘अहो, तेही आपल्यासारखे चपला बाहेर काढतात,’ घरी सगळं ऐकून बायको म्हणाली.

‘मग तिने सांगायचं ना!’

‘बॉसला? आणि ती रांग काय प्रदर्शनाला मांडली होती?’

पुढच्या रविवारी बूट जिन्यातच काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. आजींनी हसून सपाता दिल्या, कॉफी दिली, केक दिला आणि भरभरून बोलायला लागल्या. चेकमध्ये. मुलगी कामावर होती. तिला रविवारची ड्युटी मीच लावली होती. चरफडत बसलो. मग लक्षात आलं, आजी बोलता बोलता कप सरकवतायत. किटली मधोमध, म्हणजे चर्च. कडेने कप, म्हणजे घरं. बशा म्हणजे बाजाराची दुकानं. घरी येऊन एका बैठकीत लेख लिहिला आणि संपादिकाबाईंना पाठवून दिला.

सोमवारी ऐटीत नर्सला विचारलं, ‘चर्च चौकाच्या बरोब्बर मध्ये आहे ना?’

‘चर्च टेकडीवर आहे. आई तुम्हाला तिच्या गुडघ्याबद्दल सांगत होती.’

‘मग ते कप?’

‘तुम्ही केकचा चुरा सांडत होता. ती कप सरकवून पुसत होती.’

लगेच संपादिकाबाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, ‘अंक आज सकाळीच छापायला गेला. काय डोळ्यांसमोर उभं केलंयत हो गाव!’